चित्रातील दोन बोटे

आपल्याकडील गायनशाळांत भिंतीवर गुरूंच्या तसबिरी लावलेल्या दिसतात. ज्यांच्यापासून विद्या लाभली, त्यांचे स्मरण ठेवण्याची ही रीत मोठी सुंदर आहे. परंतु मुलांनो, अशी तसबीर स्वहस्ते रंगवावयाची, तर चित्रकाराला नुसता चेहरा ठाऊक असून भागेल काय?

समजा, नागपूरच्या सक्करदऱ्यातील एखाद्या चित्रकाराने टोनी आयोमी यांची तसबीर रंगवावयास घेतली. आयोमी हे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरचे गिटारवादक. ‘हेवी मेटल’ या घणाघाती संगीताचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांच्या मिशा आणि गळ्यातील क्रूस रेखाटला, की जाणकार त्यांना चटकन ओळखील. पण त्यांची खरी ओळख त्यांच्या उजव्या हातात आहे.

आयोमी डावखुरे आहेत. डाव्या हाताने ते तारा छेडतात आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्या दाबतात. १९६५ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, टोनी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. तेथील कामाचा तो त्याचा अखेरचा दिवस होता. यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताचे मधले बोट व अनामिका यांची टोके तुटली. आता गिटार विसरावी, असेच डॉक्टरांचे मत पडले.

त्या दुःखात असताना कारखान्यातील एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकविली. १९२८ साली आगीत भाजल्यामुळे जँगो यांच्या डाव्या हाताची दोन बोटे अधू झाली होती. तरीही त्यांचे वादन अप्रतिम होते. टोनीला धीर आला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दोन टोपणे घडविली व त्यांवर कातडे चिकटविले. जाड तारा दाबवेनात, म्हणून बारीक तारा बसविल्या. पुढे त्याने तारा सैल करून खालच्या स्वरात लावल्या. त्यामुळे बोटांचा ताण हलका झाला आणि वाद्यातून अधिक गंभीर नाद उमटू लागला. १९६८ साली त्याने तीन साथीदारांसह संगीतसंच उभारला. त्या संचाची ‘ब्लॅक सॅबथ’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली आणि तिचा नाद जगभर पोहोचला.

आता आपल्या चित्रकाराकडे वळू. गिटारची दांडी त्याला पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूस काढावी लागेल. छायाचित्र उलटे छापलेले असेल, तर त्यावरून नक्कल करताना तो फसेल. तारांवरील बोटे रंगविताना त्या दोन टोपणांवर त्याने कुंचला क्षणभर अधिक रेंगाळू द्यावा. ती झाकून सुबक बोटे काढली, तर चित्र देखणे होईल; पण ते आयोमींचे राहणार नाही. थोरांना वंदन करताना त्यांचे व्यंग लपवू नये. त्यावर त्यांनी कशी मात केली, हे दाखवावे. तोच त्यांचा खरा गौरव होय.