लंगोट कोरडं राहिलं तर लगेच सांगा

कमी दिवसांचं बाळ खालावलं की पहिला संशय जंतूंवर जातो. बुरशीचं नाव उशिरा निघतं. आमच्या मुलीच्या बाबतीत तसंच झालं.

मी मोखाडा तालुक्यात शिक्षक आहे. मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली, वजन 1 किलो 200 ग्रॅम. घाटापलीकडच्या एका रुग्णालयात तिला काचेत ठेवलं होतं. बेंबीतून सलाईन, जोडीला प्रतिजैविकं. बरी होत होती. मग दूध पचेना, पोट फुगलं, श्वास मधेच थांबू लागला. ताप नव्हता, उलट हातपाय गार. रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या, साखर चढली. प्रतिजैविक बदललं, पुन्हा बदललं. लंगोट कोरडं राहतंय, हे एका नर्सताईंनी हेरलं. सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं दिसलं. आत बुरशीचा गोळा लघवीची वाट अडवून बसला होता. लघवीच्या कल्चरमध्ये कॅन्डिडा उगवली.

कॅन्डिडा पुष्कळ माणसांच्या अंगावर, आतड्यात असते. दीड किलोच्या आतल्या बाळाची कातडी नाजूक, प्रतिकारशक्ती अपुरी. त्यात प्रतिजैविकांनी आतड्यातले उपयोगी जंतू मारले की बुरशीला रान मोकळं मिळतं. सलाईनच्या किंवा लघवीच्या नळीवर ती चिकटून वाढते आणि रक्तातून मूत्रपिंडात पोचते. बाळाच्या जिभेवर येणारा पांढरा थर याच बुरशीचा असला, तरी धडधाकट बाळात तो साध्या औषधाने जातो. त्याने घाबरू नका.

निदानात तीन गोष्टी मला कळल्या. एक, पिशवी चिकटवून घेतलेल्या लघवीत कातडीवरची बुरशी मिसळते. नळीने किंवा ओटीपोटातून सुईने घेतलेला नमुनाच खरा. दोन, मोठ्या माणसाच्या लघवीत कॅन्डिडा आली तर पुष्कळदा नळी काढली की भागतं. कमी दिवसांच्या बाळात मात्र ती अंगभर पसरली असं धरून रक्ताचं कल्चर, पाठीतलं पाणी, डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे हृदयाची सोनोग्राफी करतात. तीन, एक सोनोग्राफी चांगली आली म्हणजे संपलं असं नाही. गोळा नंतरही धरू शकतो.

उपचारात आधी जुन्या नळ्या काढतात किंवा बदलतात. औषध अँफोटेरिसिन बी किंवा फ्लुकोनॅझोल. अँफोटेरिसिनचा महागडा लिपिड प्रकार मूत्रपिंडात पुरेसा उतरत नाही, म्हणून या आजारात बहुधा साधाच प्रकार निवडतात. ‘भारीतलं द्या’ असा हट्ट धरू नये. साधा प्रकार चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वरचेवर तपासावं लागतं. गोळ्याने लघवी अडली तर ती नळीने बाहेर काढतात, क्वचित शस्त्रक्रिया लागते. कल्चर स्वच्छ आल्यावरही साधारण दोन आठवडे औषध चालतं. इथेच आपली माणसं थकतात. बाळ दूध ओढू लागलं, भाताची आवणी तोंडावर आली, की सही करून घरी नेतात. अर्धवट मारलेली बुरशी पुन्हा उठते.

जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. त्यापुढचं लागलं तर नाशिक किंवा ठाणे-मुंबई. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात 1 वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. पैशासाठी बाळाला न्यायला उशीर करू नका. वाटेत बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधा, ऊब टिकते.

घरी आल्यावर आशाताई 42 व्या दिवसापर्यंत भेटी देतात. त्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवा, दूध आणि लघवी कशी आहे ते सांगा. भगताला विचारायचंच असेल तर आधी दवाखाना गाठा. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी फाइल सोबत न्यावी. पुढची सोनोग्राफी तिकडच्या सरकारी रुग्णालयातही होते.

आमची मुलगी आता शाळेत जाते, तिचं मूत्रपिंड मात्र अधूनमधून तपासावं लागतं. तुमचं बाळ कमी वजनाचं असेल आणि प्रतिजैविकं चालू असूनही खालावत असेल, तर डॉक्टरांना विचारा: बुरशीसाठी लघवी आणि रक्ताचं कल्चर पाठवलं का? मूत्रपिंडाची सोनोग्राफी झाली का? विचारायला संकोच करू नका.