सत्यशोधक पूर्वजाचा शोध : काही कसोट्या

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ‘आमचे पणजोबा सत्यशोधक होते’ ही स्मृती पुणे व परिसरातील काही घराण्यांत जपली जाते. अशी स्मृती संशोधनाचा आरंभ ठरू शकते. तिला पुराव्याचे स्थान देण्यापूर्वी मात्र ती तपासून घेणे अगत्याचे आहे.

पहिली कसोटी काळाची. समाजाच्या कार्याला १९११ नंतर नवी चालना मिळाली. त्या वर्षी पुण्यात सत्यशोधक परिषद भरली आणि कोल्हापुरात शाहू सत्यशोधक समाज स्थापन झाला. या दुसऱ्या पर्वातील कार्यकर्ता कौटुंबिक आठवणीत सहजच ‘फुल्यांचा सोबती’ होऊन बसतो. त्यामुळे पूर्वजाचे जन्मवर्ष प्रथम निश्चित करावे.

दुसरी कसोटी आचरणाची. ईश्वर आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे समाजाचे मुख्य तत्त्व होय. त्याची खरी परीक्षा घरच्या लग्नकार्यात होत असे. सीताराम जाबाजी आल्हाट व राधाबाई यांचा पहिला सत्यशोधक विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात झाला. पुढे १८८४ मध्ये जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीविना कार्य केले, तेव्हा ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला. सभेला उपस्थित राहणे आणि असा रोष पत्करणे यांत मोठे अंतर आहे. म्हणून ‘पूर्वज सभासद होता काय’ या प्रश्नाइतकाच ‘त्याच्या घरची लग्ने कोणी लावली’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तिसरी कसोटी साधनांची. वंशावळीसाठी अभ्यासक सामान्यतः नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहतो. परंतु ज्याने पुरोहितच नाकारला, त्याची नोंद पुरोहिताच्या वहीत मिळेलच असे नाही. तेथील मौन सूचक असले तरी निर्णायक नव्हे. यात्रेला न जाण्याची कारणे अनेक संभवतात. अशा वेळी समाजाच्या तिसऱ्या वार्षिक समारंभाची हकीकत, कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘दीनबंधु’चे उपलब्ध अंक, न्यायालयीन कागद आणि घरातील मोडी दप्तर यांकडे वळावे लागते. आडनावे बदलत असल्याने पित्याच्या नावासह ओळख पटवणे इष्ट.

या शोधात आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. रूढ वंशावळ पुरुषांचीच असते. याउलट, १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सत्यशोधक पूजाविधीत वधूच्या तोंडीही मंगलाष्टके आहेत. म्हणजे या विवाहात तीही बोलणारी, वचन मागणारी व्यक्ती होती. सबब पणजोबांचा शोध पणजीच्या माहेरापर्यंत नेल्यावाचून पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.