केळीच्या धाग्यातील लिग्निनचे मापन

चेन्नईच्या दक्षिणेकडील अनकापुत्तूर या विणकर वस्तीत केळीच्या खोडाचा धागा सुतासोबत विणून साड्या तयार केल्या जातात. हा धागा मऊ की राठ, रंग कितपत धरेल, उन्हात पिवळा पडेल का, हे बऱ्याच अंशी त्यातील लिग्निनवर अवलंबून असते. घड उतरवल्यानंतर शेतात पडून राहणाऱ्या खोडाला धाग्याचा ग्राहक मिळावयाचा, तर ही चाचणी विश्वासार्ह हवी.

प्रयोगशाळेत लिग्निन थेट मोजले जात नाही. धाग्याच्या भुकटीवर ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लाची सुमारे २० अंश सेल्सिअसवर दोन तास क्रिया करतात. नंतर आम्ल पाण्याने ३ टक्क्यांपर्यंत विरल करून मिश्रण चार तास उकळतात. सेल्युलोज व हेमिसेल्युलोज विरघळतात. गाळणीवर उरते ते लिग्निन. क्लासॉन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीची मेख ‘उरते ते’ या शब्दांतच आहे. मेण व राळेसारखे घटक आधी काढले नसतील, तर तेही गाळणीवर राहतात आणि लिग्निन म्हणून मोजले जातात. म्हणून अल्कोहोल व टोल्युइन यांच्या मिश्रणाने सॉक्सलेट उपकरणात निष्कर्षण करणे ही पहिली पायरी होय. (पूर्वी येथे बेंझिन वापरीत, ते कर्करोगकारक असल्याने टाळणेच इष्ट.) अखेरीस अवशेष जाळून राखेचे वजन वजा करावे लागते. केळीच्या खोडात पोटॅशियमसारखी खनिजे विपुल असल्याने ही पायरी गाळणे परवडत नाही.

चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत आणखी एक चूक सहज घडते. समजा, १ ग्रॅम हवावाळल्या भुकटीत १२ टक्के ओलावा आहे आणि राख वजा जाता अवशेष ०.०८८ ग्रॅम आला. सरळ भागल्यास लिग्निन ८.८ टक्के दिसेल. कोरड्या वजनावर, म्हणजे ०.८८ ग्रॅमवर, ते १० टक्के ठरते. यासाठी त्याच भुकटीचा वेगळा भाग त्याच वेळी तोलून १०५ अंशांवर स्थिर वजनापर्यंत वाळवावा.

नमुना निवडतानाही खोड पारखून घ्यावे. सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी पोखरलेल्या खोडातून चिकट स्राव पाझरतो व भोवतालची आवरणे काळवंडून कुजतात. अशी आवरणे निरोगी आवरणांत मिसळू नयेत. त्यांचा नमुना स्वतंत्र ठेवून तशी नोंद करावी.