भातलावणीच्या दिवसांतील लेप्टोचा ताप आणि त्याची धोक्याची चिन्हे

आर्द्रा नक्षत्राचा पाऊस लागला म्हणजे कोकणपट्टीत चिखलणी व लावणीची कामे एकदम सुरू होतात. घरातील स्त्री-पुरुष दिवसाचे आठ-दहा तास गुडघाभर पाण्यात वाकून काम करतात. अशा वेळी ताप आला व अंग दुखू लागले, तर ते श्रमामुळे असावे असे समजून दुखणे अंगावर काढण्याची रीत आहे. ही रीत घातक ठरू शकते, कारण लेप्टोस्पायरोसिस अथवा 'लेप्टो' या रोगाची सुरुवात नेमकी अशीच होते.

रोग कसा होतो

हा रोग मळसूत्रासारख्या आकाराच्या सूक्ष्म जंतूंमुळे होतो. उंदीर, घुशी, गुरे, कुत्री व डुकरे यांच्या मूत्रपिंडांत हे जंतू राहतात व लघवीवाटे बाहेर पडतात. ओल्या मातीत व साचलेल्या गोड्या पाण्यात ते कित्येक आठवडे जगतात. कोरड्या जागी व कडक उन्हात मात्र लवकर मरतात. हातापायांवरील जखमा व भेगा, पाण्यात भिजून मऊ झालेली कातडी, तसेच डोळे, नाक व तोंड यांवाटे ते शरीरात शिरतात. १९१५ साली जपानमध्ये इनाडा व इडो या संशोधकांनी हे जंतू शोधून काढले. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती.

प्रारंभीची लक्षणे

जंतूंचा शिरकाव झाल्यावर बहुधा ५ ते १४ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके फार दुखते. पोटऱ्या व कंबर इतकी दुखतात की पोटरी नुसती दाबली तरी रोगी कळवळतो. डोळे लाल होतात, परंतु त्यांतून पू येत नाही. रोगी पाण्यात वा चिखलात काम करणारा असून ही लक्षणे दिसली, तर लेप्टोची शंका घ्यावी व पहिल्या-दुसऱ्या दिवशीच त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. या अवस्थेत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लीनसारखे साधे औषध सुरू झाल्यास रोग बहुधा आटोक्यात येतो. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणीत रोग दिसून येईलच असे नाही. म्हणून अहवालासाठी उपचार थांबवू नयेत.

फसवा उतार

काही रोग्यांचा ताप चार-सात दिवसांनी उतरतो व घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु एक-दोन दिवसांत दुखणे उलटते आणि जंतूंचा परिणाम यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे अथवा मेंदूची आवरणे यांवर दिसू लागतो. काही रोग्यांत मात्र असा उतार न पडताच रोग बळावतो. पुढीलपैकी एकही चिन्ह दिसल्यास क्षणाचाही विलंब लावू नये :

१. डोळे अथवा कातडी पिवळी होणे.
२. लघवी फार कमी होणे किंवा बंद होणे.
३. दम लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे.
४. नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाणे.
५. मान ताठणे, असंबद्ध बोलणे, गुंगी येणे.

फुप्फुसांतील रक्तस्राव कावीळ नसतानाही होऊ शकतो, हे विसरू नये. डोळे पिवळे दिसताच झाडपाल्याच्या औषधासाठी रोग्यास गावोगाव फिरविण्यात मोलाचे दिवस वाया जातात. असा रोगी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने थेट मोठ्या रुग्णालयात न्यावा. तेथे पेनिसिलिन वा तत्सम औषध शिरेतून देता येते व गरज पडल्यास रक्तशुद्धीकरणही होते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करतात. त्या देऊ नयेत.

प्रतिबंधक उपाय

जखमांवर पाणी न शिरणारी पट्टी बांधावी. शक्य तेथे गमबूट व रबरी हातमोजे वापरावे. काम संपताच हातपाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन कोरडे करावे. गोठ्यातील मूत्र वाहून जाण्यास उताराची नाली ठेवावी. बांधांवरील गवत काढून बिळे बुजवावी आणि उंदरांचा नाश सर्व गावाने एकाच वेळी करावा, नाहीतर शेजारच्या शेतातील उंदीर पुन्हा येतात. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. साथीच्या काळात डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या देतात. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांस त्या आपल्या मनाने देऊ नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लावणीच्या काळात आशा स्वयंसेविकेसह वाडीवाडीत फिरून तापाचे रोगी शोधावेत. प्रत्येकास तीन प्रश्न विचारावेत : पाण्यात काम केले काय? पोटऱ्या दुखतात काय? लघवी नेहमीसारखी होते काय? लावणी दोन दिवस लांबली तरी ती पुरी करता येते. औषधास झालेला उशीर मात्र भरून काढता येत नाही.