साखळी नसलेली मोटारसायकल

मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी बसून पाहिले तर बहुतेक गाड्यांत साखळी दिसते. ती सैल पडते, धुळीने माखते, कुरकुरते, आणि म्हणूनच तिच्याकडे मालकाचे लक्ष जाते. काही मोटारसायकलींत मात्र साखळी नसते. त्यांच्यात इंजिनाची शक्ती एका पोलादी दंडाने, म्हणजे शाफ्टने, मागच्या चाकाला मिळते. १९२३ साली जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने आपली पहिली मोटारसायकल, आर-३२, तयार केली ती अशीच होती. तिचा आराखडा माक्स फ्रिट्स या अभियंत्याने केला होता. तिच्या इंजिनाचा मुख्य दंड गाडीच्या लांबीला समांतर असल्यामुळे तोच पुढे लांबवून मागे नेणे सोयीचे होते. शेवटी शंकूच्या आकाराच्या दोन दंतचक्रांनी फिरण्याची दिशा ९० अंशांनी वळवली की झाले. ट्रकवाले मिस्त्री ज्याला क्राऊन-पिनियन म्हणतात, तेच हे.

हा दंड पोकळ नळीत बंद असतो. पाऊस, धूळ काही लागत नाही आणि साखळी ताणण्याची कटकटही नाही. पण बंद असल्याने त्याची झीजही दिसत नाही. याच कंपनीने १९६९ पासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनवलेल्या, हवेने थंड होणाऱ्या जोड-सिलिंडरच्या गाड्या युरोप-अमेरिकेतील हौशी लोक अजून घरच्या घरी उघडतात. मागचे चाक, दंडाची नळी आणि प्रसंगी गिअरपेटीसुद्धा मागे ओढून आतली जोडकामे साफ करतात. हे काम वाटते तेवढे अवघड नाही, मात्र त्यात पदार्थविज्ञानाची पावलोपावली गाठ पडते.

सुरुवात उभे करण्यापासून. दोनशे किलोच्या आसपास वजनाची गाडी मधल्या स्टँडवर उभी असते. मागचे चाक आणि क्राऊन-पिनियनची पेटी काढली की गुरुत्वमध्य पुढे सरकतो. मग पुढे झुकलेली गाडी जराशा धक्क्याने स्टँडवरून उतरू शकते, तेव्हा मागे बसून काम करणाऱ्याचे हात तिच्याखाली असतात. म्हणून पुढचे चाक आधी पट्ट्याने स्टँडला बांधून ठेवावे. तेल काढायचे ते गाडी थोडी फिरवून आणल्यावर. तापलेल्या तेलाची विष्यंदिता कमी झालेली असते आणि तळाचा गाळ त्याच्याबरोबर वाहून येतो.

आता मुख्य भाग. मागचे चाक खड्ड्यांत वरखाली होते, गिअरपेटी मात्र जागच्या जागी असते. म्हणजे दंडाला फिरता फिरता वाकता आले पाहिजे. त्यासाठी त्याला युनिव्हर्सल सांधा असतो. एस.टी.ची गाडी डेपोत खड्ड्यावर उभी असताना खालून पाहिलीत, तर लांब दंडाच्या टोकांना हाच सांधा दिसेल. दोन दुबेळकी, म्हणजे योक, आणि त्यांना जोडणारा मधला अधिक चिन्हासारखा तुकडा. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याचे नाव त्याला मिळाले आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक याने त्याचा अभ्यास केला, म्हणून हूकचा सांधा असेही म्हणतात.

या सांध्याची एक खोड आहे. एक दंड अगदी एकसारख्या वेगाने फिरवला, तरी त्याच्याशी कोन करून असलेला दुसरा दंड एकसारखा फिरत नाही! दर फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. विश्वास बसत नसेल तर एक बांगडी घ्या.

बांगडीच्या मध्यातून जाणारे दोन दोरे ताणून बांधा. एक आडवा, दुसरा त्याच्याशी ४५ अंशांचा कोन करणारा. एका पुठ्ठ्यावर कागद लावून तो सूर्यकिरणांना लंब राहील असा धरा. बांगडी कागदाला समांतर असेल तेव्हा सावलीत दोन दोऱ्यांमधला कोन ४५ अंशच दिसेल. आता आडव्या दोऱ्याभोवती बांगडी ३० अंशांनी कलती करा. सावली लंबवर्तुळाकार होईल. आडव्या दोऱ्याला लंब असलेली सर्व अंतरे कोज्या ३०, म्हणजे ०.८६६ पट झाली, आडवी अंतरे तशीच राहिली. तेव्हा सावलीतील कोनाची स्पर्शज्या ०.८६६ आणि कोन सुमारे ४१ अंश. कोनमापकाने मोजून पाहा. ढग नसले तर एका अंशाच्या आत उत्तर येते.

याचा सांध्याशी संबंध असा. बांगडीची पातळी ही पहिल्या दंडाच्या योकची फिरण्याची पातळी, आणि कागद ही दुसऱ्या दंडाची. क्रॉसचे दोन हात एकमेकांना नेहमी लंब असल्यामुळे दुसरा दंड नेमका सावलीइतकाच फिरतो. पहिला ४५ अंश फिरला तेव्हा दुसरा ४१ अंश झाला, ९० झाले तेव्हा मात्र दोघांचे ९० झाले. म्हणजे पहिल्या आठव्या हिश्श्यात ४१ अंश आणि पुढच्यात ४९. दंडांमधील कोन ‘क’ मानला तर दुसऱ्या दंडाचा कोनीय वेग पहिल्याच्या कोज्या क पट ते १ भागिले कोज्या क पट यांच्यामध्ये हेलकावतो. कोन ५ अंशांचा असेल तर हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ३० अंशांचा असेल तर एका बाजूला १३ टक्के आणि दुसऱ्या बाजूला १५ टक्के!

वर सांगितलेल्या जुन्या गाड्यांत दंड जवळजवळ सरळ राहतो, म्हणून पुढे एकच क्रॉस आणि मागे दातांचे जोडकाम एवढ्यावर भागले. १९८७ साली ‘पॅरालेव्हर’ नावाची रचना आली. गती वाढवताना गाडीचा मागचा भाग वर उचलला जाई, तो कमी करण्यासाठी. तिच्यात क्रॉस दोन. एका सांध्याने केलेला हेलकावा दुसऱ्याने उलटा करून घालवायचा, अशी युक्ती. पण त्यासाठी दोन्ही सांध्यांतले कोन सारखे हवेत आणि मधल्या दंडाच्या दोन टोकांचे योक एका पातळीत हवेत. १९९३ पासूनच्या आर-११०० मालिकेत हा मधला दंड दोन तुकड्यांचा असून ते खाचांवर एकमेकांत सरकतात. जोडताना तुकडे भलत्याच खाचांत बसले तर सांधे एकमेकांचा हेलकावा घालवायच्या ऐवजी वाढवू लागतात. गाडी चालते, पण थरथरते आणि दोन्ही क्रॉस लवकर खराब होतात. म्हणून तुकडे सोडवण्याआधी दोन्हींवरून जाणारी एक रंगाची रेघ ओढून ठेवावी. चार आण्याचा रंग आणि हजारोंची बचत!

खाचा, म्हणजे स्प्लाइन, हीच झिजण्याची खरी जागा. वंगण आटले की त्यांच्यात अगदी बारीक हालचालीने घासपट्टी सुरू होते. धातूचे कण निघून गंजतात, आणि उघडल्यावर तपकिरीसारखी तांबूस पूड दिसते. पूड दिसली तर काम वेळेवर झाले असे समजा. आणखी काही हजार किलोमीटरांनी खाचाच उरत नाहीत. इंजिन चालते, गिअर पडतो, आणि चाक जागचे हलत नाही. खाचा पुसून त्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले ग्रीस लावतात. या संयुगाचे रेणू पत्त्यांच्या जोडासारखे थरांत रचलेले असतात. थरांच्या आत बंध पक्के, थराथरांत फार दुबळे, म्हणून दाबाखालीही थर एकमेकांवरून घसरतात. ग्रीस मात्र पातळ लावावे. क्लचजवळच्या खाचांना ते थापले तर फिरताना बाहेर उडून क्लचच्या चकतीवर जाते.

बेअरिंग बदलायचे असेल तर हातोडा दूर ठेवा. ॲल्युमिनियमचा रेषीय प्रसरणांक अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००२३, पोलादाचा ०.००००१२. समजा पेटीतील भोक ६० मिलिमीटरचे आहे. पेटी ८० अंशांनी तापवली तर भोक ०.११ मिलिमीटरने रुंदावते. आतले बेअरिंगही तितकेच तापले, तरी ते ०.०६ मिलिमीटरनेच वाढते. उरलेल्या ०.०५ मिलिमीटरमध्ये बेअरिंग सैल होते. नवे बेअरिंग थंडच ठेवले तर काम आणखी सोपे. पेटी भट्टीत किंवा गरम हवेने सावकाश तापवावी, ज्योतीने नव्हे. हातात जाड मोजे हवेतच.

शेवटी दंड गिअरपेटीला जोडणारे चार बोल्ट. ते सुटले तर आतला दंड नळीत मोकळा आपटू लागतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक अडकू शकते. म्हणून त्यांचा आवळ मोजूनच द्यावा लागतो. जुन्या गाड्यांत तो सुमारे ४० न्यूटन-मीटर असतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतच पाहावा. २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला २०० न्यूटन, म्हणजे वीस किलो वजनाइतके बल लावले की ४० न्यूटन-मीटर होतात. पण तेथे जागा इतकी अरुंद आहे की टॉर्क रेंच सरळ पोहोचत नाही. त्याच्या डोक्याला एक छोटा जोडपाना लावावा लागतो. येथे भलेभले फसतात. रेंचची लांबी मुठीच्या मध्यापासून ३० सेंटिमीटर आणि जोडपाना त्याच रेषेत ५ सेंटिमीटर असला, तर बोल्टपासून मुठीपर्यंतचे अंतर ३५ होते. रेंच बिचारा आपल्या ३० सेंटिमीटरांचाच हिशेब करतो. तो ४० दाखवतो तेव्हा बोल्टवर सुमारे ४७ न्यूटन-मीटर पडलेले असतात. म्हणून रेंच ४० गुणिले ३० भागिले ३५, म्हणजे सुमारे ३४ वर लावावा. जोडपाना रेंचला काटकोनात बसवला तर फरक पडत नाही. का पडत नाही, ते आकृती काढून बलाच्या लंबांतरावरून तुम्हीच शोधा. अकरावीला आघूर्ण शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे. फळ्यावरच्या सी-सॉपेक्षा ते जास्त लक्षात राहते.

बोल्टचे आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. त्यांना तेल लागले की घर्षण कमी होते आणि त्याच ४० न्यूटन-मीटरमध्ये बोल्ट नको इतका ताणला जातो.

सारे जोडल्यावर दोन्ही पेट्यांत नवे तेल भरल्याची खात्री करा. ते विसरून गाडी सुरू केली तर क्राऊन-पिनियन थोड्याच अंतरात जळते. मग चाक हाताने फिरवून कुठे अडते का पाहावे. काहीशे किलोमीटरनंतर तळाचे बूच काढावे. बुचाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा लेप दिसेल. नखाने चोळून तो मऊ लागला तर ठीक. कण टोचले तर पुन्हा पाना हातात घ्यायचा.