उपचारांची साखळी आणि मोबदल्याची रीत

आजार एक असला तरी त्यावरील उपचार एका हाताने होत नाहीत. वस्तीतील आशा कार्यकर्ती, परिचारिका, जवळचा डॉक्टर, औषध देणारा आणि मोठे रुग्णालय अशी ती साखळी असते. प्रत्येक कडी आपापल्या जागी मजबूत असूनही दोन कड्यांमधील जोड सुटला, तर रुग्ण मध्येच गळतो. क्षयरोगी दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून औषध सोडतो. बाळंतीण घरी गेल्यावर तिची चौकशी कोणी करीत नाही. हा जोड टिकविण्याचे जे उपाय आहेत, त्यांत सेवा देणाऱ्यास मोबदला कोणत्या रीतीने द्यावा, हा एक महत्त्वाचा प्रश्न होय.

मोबदल्याच्या तीन रीती

पहिली रीत प्रत्येक कामाचे वेगळे पैसे देण्याची. तपासणीचे वेगळे, शस्त्रक्रियेचे वेगळे. यात कामांची संख्या वाढते. परंतु रुग्ण घरी गेल्यावर त्याचे काय झाले, हे पाहण्याचे पैसे कोणासच मिळत नाहीत. दुसरी रीत दरमहा पगाराची. यात अनावश्यक उपचारांचा मोह राहत नाही. मात्र पाठपुरावा करणारा व न करणारा यांच्या पदरी सारखेच पडते. तिसरी रीत ठराविक माणसांच्या संपूर्ण देखभालीसाठी अथवा एका आजाराच्या सर्व टप्प्यांसाठी मिळून रक्कम देण्याची. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हापासून कुटुंबाच्या डॉक्टरास नोंदविलेल्या माणसांच्या संख्येनुसार रक्कम देण्याची पद्धत आहे. नेदरलँड्समध्ये २००७ पासून मधुमेहाच्या वर्षभराच्या देखभालीसाठी डॉक्टरांच्या गटास एकत्रित रक्कम देण्याचा प्रयोग करण्यात आला.

खजरान्याचे उदाहरण

इंदूर शहरातील खजराना ही वस्ती गणेशमंदिरामुळे दूरवर परिचित आहे. होळकरांच्या या नगरीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा वस्तीतील एखाद्या गरोदर स्त्रीच्या बाबतीत शासकीय योजनांमधील मोबदला कसा विभागला आहे, ते पाहू.

जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये सुरू झाली. संस्थेतील प्रसूतींचे प्रमाण कमी असलेल्या राज्यांत मध्य प्रदेशाची गणना करण्यात आली. त्यानुसार शहरी भागातील मातेस १,००० रुपये व आशा कार्यकर्तीस ४०० रुपये देण्याची तरतूद आहे. या ४०० रुपयांचे दोन भाग आहेत: २०० रुपये प्रसूतीपूर्व सेवा मिळवून दिल्याबद्दल आणि २०० रुपये प्रसूती आरोग्य संस्थेत घडवून आणल्याबद्दल. म्हणजे केवळ शेवटच्या दिवशी वाहन बोलावून रुग्णालय गाठल्याने पूर्ण रक्कम मिळत नाही. आधीचे महिनेही हिशेबात येतात.

प्रसूतीनंतरची कडी नवजात बालकाच्या गृहभेटींची आहे. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरविलेल्या आहेत. त्या पूर्ण झाल्यावर आशा कार्यकर्तीस २५० रुपये देय होतात. रुग्णालयाचे दार ओलांडल्यावर तुटणारा धागा येथे पुन्हा बांधला जातो.

क्षयरोग आणि खासगी डॉक्टर

क्षयरोगाचे साधे औषधोपचार सहा महिन्यांचे असतात. ते अर्धवट सुटल्यास रोगजंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि तोच आजार घरातल्यांना व शेजाऱ्यांना जडू शकतो. अनेक रुग्ण प्रथम खासगी डॉक्टरांकडे जातात. म्हणून २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची शासनास सूचना देणे बंधनकारक करण्यात आले. खासगी डॉक्टरास सूचनेबद्दल ५०० रुपये आणि उपचारांचा शेवट काय झाला हे कळविल्याबद्दल आणखी ५०० रुपये देण्याची तरतूद आहे. रुग्णाचे औषध पूर्ण करविणाऱ्या सहायकासही मानधन मिळते. रुग्णास पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली.

रुग्णालयांचे एकत्रित दर

२०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. रुग्णालयास प्रत्येक आजाराचा ठरलेला दर दिला जातो. त्यातच भरतीपूर्वीच्या ३ दिवसांचा व घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा खर्च, औषधांसह, समाविष्ट आहे. त्यामुळे रुग्णास घरी पाठविताना पुढील औषधे देणे हे रुग्णालयाचेच काम ठरते.

सावधगिरी

पैशाने कामाला दिशा मिळते. पण ज्याचे पैसे नाहीत ते काम मागे पडण्याचा धोकाही असतो. रक्कम उशिरा मिळाली तर तिचा प्रभाव ओसरतो. केवळ नोंदीवर रक्कम दिली तर वही भरते आणि रुग्ण तसाच राहतो. रुग्ण पाठविल्याबद्दल दुसऱ्या डॉक्टराने गुपचूप दिलेले कमिशन म्हणजे समन्वय नव्हे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी ते निषिद्ध ठरविले आहे. दोन्हींतील भेद सोपा आहे. कमिशन रुग्ण पाठविण्याचे मिळते. मानधन काम तडीस नेल्याचे मिळते, आणि ते उघडपणे मिळते.

आपले कर्तव्य

अधिकाऱ्यांनी देय रकमा वेळेवर अदा कराव्यात आणि काही नोंदी प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळाव्यात. शिक्षकांनी माता-बाल संरक्षण कार्ड कसे वाचावे, हे वरच्या वर्गातील मुलांना शिकवावे. ग्रामस्थांनी व नागरिकांनी रुग्णालयातून निघताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: पुढील तपासणी केव्हा, औषध किती दिवस, आणि अडचण आल्यास कोणाकडे जावे? हे तीन प्रश्न घरोघरी विचारले जाऊ लागले, तर शासनाने खर्च केलेला रुपया रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहणार नाही.