अक्षरं पडद्यावरच हवीत

मराठी चित्रपट थिएटरात लागतो तेव्हा बहुतेक वेळा पडद्याच्या तळाशी इंग्रजी सबटायटल्स असतात. तेवढ्यावर कर्णबधिर प्रेक्षकाची सोय झाली असं समजून तिकीट काढू नका, आणि निर्माते असाल तर स्वस्थ बसू नका. ती सबटायटल्स मराठी न कळणाऱ्या, पण कान शाबूत असलेल्या माणसासाठी लिहिलेली असतात. पडद्याबाहेरून कोण बोललं ते त्यात नसतं, कारण आवाजावरून कळेल असं धरलेलं असतं. दाराची कडी वाजते आणि घरातली माणसं एकाएकी गप्प होतात. ऐकू न येणाऱ्याला नुसते गप्प झालेले चेहरे दिसतात. ‘कडी वाजते’ एवढे दोन शब्द तिथे आले तर प्रसंग उलगडतो. संवादांसोबत असे आवाजही सांगणाऱ्या ओळी म्हणजे कॅप्शन्स. शिवाय मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला मराठी चित्रपट इंग्रजीतून वाचायला लावणं मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. मूकपटांच्या काळात सगळेच वाचत होते: दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची कथा १९१३ साली पडद्यावरच्या पाट्यांवरून वाचली जायची. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, चित्रपट बोलू लागला, आणि हळूहळू पाट्या गेल्या. तेव्हापासून कर्णबधिर प्रेक्षक थिएटरबाहेर आहे.

केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने १५ मार्च २०२४ रोजी थिएटरांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्यात पर्याय अनेक आहेत: कॅप्शन दाखवणारे चष्मे, खुर्चीपाशी लावायचे छोटे स्टँड, मोबाइल अ‍ॅप, पडद्यावरची उघड कॅप्शन्स. माझा आग्रह शेवटच्या पर्यायाचा आहे. स्टँडवरची ओळ हातभर अंतरावर असते आणि पडदा पन्नास फुटांवर. दर वाक्याला नजर जवळ आणायची, परत लांब न्यायची, तेवढ्यात नटाच्या चेहऱ्यावरचा भाव निघून जातो. नंबरचा चष्मा असलेल्याने त्यावर दुसरा चष्मा चढवायचा. बॅटरी उतरलेली असली की खेळ संपलाच. अमेरिकेत २०१६च्या केंद्रीय नियमाने थिएटरांना अशी साधनं ठेवायला लावली. तरी काही वर्षांनी न्यूयॉर्क शहराला काही खेळांत थेट पडद्यावर कॅप्शन्स दाखवण्याचा वेगळा कायदा करावा लागला.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की बाकीच्यांना अक्षरं खुपतात. पण आपला प्रेक्षक इंग्रजी ओळी चालवून घेतोच आहे, मग मराठी ओळी का खुपाव्यात? ज्यांना खरंच नको असतील त्यांच्यासाठी बाकीचे खेळ आहेत. खर्चाचं म्हणाल, तर संवाद लिहिलेले असतात आणि इंग्रजी सबटायटल्ससाठी त्यांच्या वेळाही नोंदलेल्या असतात. भर घालायची ती आवाजांची, गाण्याच्या ओळींची आणि बोलणाऱ्याच्या नावाची. ‘असे प्रेक्षक कितीसे?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो. २०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेली माणसं सुमारे ५० लाख नोंदली गेली. वयामुळे कमी ऐकू येणारी कितीतरी माणसं स्वतःला त्यात धरतही नाहीत. आणि सिनेमाला सगळं घर मिळून जातं. आजींना कळणार नाही म्हटल्यावर सगळ्यांचीच तिकिटं राहतात.

म्हणून निर्मात्यांनी कॅप्शन्स संकलनाच्या टेबलावरच करून घ्यावीत आणि मोठ्या पडद्यावर तपासावीत. देवनागरीत वेलांटी, रफार वर आणि उकार खाली जातात. अक्षर बारीक असलं किंवा दोन ओळी चिकटल्या तर ते एकमेकांत घुसतात. पांढऱ्या अक्षरांना काळी कड नसेल तर उन्हातल्या दृश्यात ती दिसतच नाहीत. थिएटरवाल्यांनी असा खेळ मंगळवारी सकाळी अकराला ठेवून ‘कोणी आलं नाही’ म्हणू नये. रविवारची संध्याकाळ द्यावी. बुकिंगच्या पानावर त्या खेळापुढे कॅप्शन असल्याची आणि ते कोणत्या भाषेत आहे याची खूण असावी, आणि चौकशीला फोन नंबरासोबत लेखी निरोपाला उत्तर देणारं माणूसही असावं.